जॅक्सनचा बँकविरोधी संदेश गटात कसा वाचावा: सोलापुरातल्या तीन प्रयत्नांनंतरचे टिपण

अमेरिकेचा सातवा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन याने १० जुलै १८३२ रोजी ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ची सनद वाढवून देणारे विधेयक नाकारले आणि नाकारण्याची कारणे सांगणारा एक लांबलचक संदेश सिनेटकडे धाडला. सोलापुरात रविवारी सकाळी भरणाऱ्या आमच्या वाचनगटात हा संदेश आजवर तीनदा वाचला गेला. पहिल्यांदा तो फसला, दुसऱ्यांदा भांडणात संपला आणि तिसऱ्यांदा जमला. गटात निवृत्त शिक्षक आहेत, अशोक चौकाकडचे एक यंत्रमागवाले आहेत, मार्केट यार्डातल्या आडतीवर तीस वर्षे दिवाणजी म्हणून काम केलेले एक आजोबा आहेत आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी चार-पाच मुले-मुली आहेत. मी स्वतः बँकेतून निवृत्त झालो आहे. त्यामुळे हा विषय मला सोपा जाईल असे वाटले होते, आणि पहिल्या फजितीचे कारणही बहुधा तेच होते.

आपल्या गावी, आपल्या गटात हा संदेश वाचू पाहणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. चार रविवार हाताशी ठेवावेत. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत हा घाट घालू नये, कारण त्या दिवसांत कोणीही वेळेवर येत नाही आणि एक बैठक बुडाली की धागा तुटतो. माणसे दहा ते पंधरा असावीत, कारण त्याहून कमी असली तर पुढे सांगितलेला चिठ्ठ्यांचा खेळ रंगत नाही.

पहिल्याच बैठकीत शब्दांचा घोळ निस्तरून घ्यावा

आमच्या पहिल्या प्रयत्नात मी ‘राष्ट्रीय बँक’ हा शब्द वापरला आणि दोन तास वाया घालवले. मराठी कानाला तो शब्द ‘राष्ट्रीयीकृत बँक’ असाच ऐकू येतो, आणि १९ जुलै १९६९ रोजी १४ बँका सरकारने ताब्यात घेतल्याची आठवण ज्यांच्या घरात अजून ताजी आहे त्यांना वाटले की जॅक्सन हा खाजगी धनिकांच्या बाजूने सरकारी बँकेविरुद्ध उभा राहिला. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी होती. ती बँक खाजगी भागधारकांची होती. तिचे भांडवल ३ कोटी ५० लाख डॉलर, त्यातला केवळ पाचवा हिस्सा सरकारचा, आणि २५ संचालकांपैकी राष्ट्राध्यक्षाने नेमलेले फक्त पाच. सरकारचा सगळा महसूल मात्र तिच्याकडे बिनव्याजी ठेव म्हणून जमा होई, तिच्या नोटा सरकारी देणी भागवायला चालत, आणि दुसरी अशी बँक काढणार नाही असा शब्दही सरकारने दिलेला होता. हे ऐकल्यावर यंत्रमागवाले म्हणाले, “सर, म्हंजे बँक सरकारची नव्हतीच की! पैसा तेवढा सरकारचा होता.” इतके नेमके वाक्य मला निवृत्तीपर्यंतच्या नोकरीत सुचले नव्हते. तेव्हापासून मी ‘राष्ट्रीय बँक’ न म्हणता ‘सनदी बँक’ म्हणतो.

दुसरा घोळ ‘काँग्रेस’ या शब्दाचा आहे. त्याजागी ‘अमेरिकी संसद’ म्हणावे आणि तिच्या दोन सभागृहांना सिनेट व प्रतिनिधिगृह. तिसरा घोळ ‘राष्ट्रपती’ या शब्दाचा आहे. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १११प्रमाणे राष्ट्रपती विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, पण संसदेने ते पुन्हा संमत केले की त्यांना संमती द्यावीच लागते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाने नाकारलेले विधेयक जिवंत करायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. एवढे स्पष्ट झाल्याशिवाय नकाराधिकाराचे वजन कळत नाही. जॅक्सनच्या आधीच्या सहा राष्ट्राध्यक्षांनी मिळून अवघी दहा विधेयके नाकारली होती आणि एकट्या जॅक्सनने बारा नाकारली, हा आकडा याच वेळी सांगून ठेवावा, कारण विरोधक त्याला ‘राजा अँड्र्यू’ का म्हणत हे त्यातून आपोआप समजते.

घटना नंतर, आधी नोट

माझी पहिली फजिती अशी झाली की मी १७९१पासून सुरुवात केली: अर्थमंत्री हॅमिल्टनने बँकेची योजना मांडली, परराष्ट्रमंत्री जेफरसनने घटनेत तसा अधिकारच नाही म्हणून विरोध केला, हॅमिल्टनने ध्वनित अधिकारांचा (घटनेत शब्दशः नसलेल्या, पण दिलेली कामे पार पाडायला लागणाऱ्या अधिकारांचा) सिद्धान्त मांडला, वगैरे. सगळे खरे होते, पण चहा येईपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. कारण बँक नेमके काय करत होती हेच कोणाला ठाऊक नव्हते, मग ती घटनात्मक आहे की नाही याची चिंता कोण करणार?

दुसऱ्या खेपेला मार्ग दाखवला तो दिवाणजी आजोबांनी. त्यांच्या वडिलांचा व्यापार तुळजापूर-नळदुर्गकडे चाले. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि तिथे हाली सिक्का चालत असे, तर सोलापुरात इंग्रजांचा कलदार रुपया. हाली रुपयाची किंमत कलदारापेक्षा कमी धरली जाई, आणि पंचेचाळीस किलोमीटर पलीकडून माल विकून आलेला माणूस पेठेत शिरताच सराफ आधी वटणावळ कापून घेई आणि मगच व्यवहाराचे बोले. आजोबा म्हणाले, “वडील म्हणायचे, पैसा तोच, पण वेशीवर त्याचं वजन उतरतं.” हाच तो अनुभव. १८३०च्या आसपासची अमेरिका अशा वेशींनी भरलेली होती. केंद्र सरकार सोन्या-चांदीची नाणी पाडत असे, पण कागदी नोटा काढत नसे. राज्यांनी सनदा दिलेल्या शेकडो लहान-मोठ्या बँका आपापल्या नोटा काढत, आणि केंटकीतल्या एखाद्या बँकेची नोट फिलाडेल्फियात दाखवली की दुकानदार तीवर वटाव कापत असे. आपल्याकडे कुणाच्या घरात हाली-कलदारची आठवण नसेल तर कुणीतरी परदेशातून आणलेल्या नोटा पुढे ठेवून त्या पेठेतल्या दुकानात घेतल्या जातील का, एवढे विचारले तरी काम भागते.

यानंतर चिठ्ठ्यांचा खेळ खेळावा. एकाला बार्शीची बँक, दुसऱ्याला पंढरपूरची आणि तिसऱ्याला अक्कलकोटची बँक करावे. प्रत्येकाजवळ दहा चिंचोके द्यावेत, ही त्याची रोकड. प्रत्येकाने तीस चिठ्ठ्या काढून उरलेल्यांना कर्जाऊ वाटाव्यात. प्रत्येक चिठ्ठीवर ‘मागताच एक चिंचोका देईन’ असे लिहिलेले असावे. एकजण सरकार होतो आणि सगळ्यांकडून कर म्हणून चिठ्ठ्या गोळा करतो. सरकार त्या चिठ्ठ्या सनदी बँकेकडे ठेवते. आता सनदी बँक झालेल्या माणसाने उठून बार्शीच्या बँकेपुढे बारा चिठ्ठ्या एकदम ठेवाव्यात आणि चिंचोके मागावेत.

आमच्याकडे बार्शीची बँक झालेला मुलगा एका परीक्षार्थीला साजेशा आत्मविश्वासाने चिठ्ठ्या वाटत सुटला होता. बारा चिठ्ठ्या समोर आल्यावर त्याने दहा चिंचोके मोजले, खिसे चाचपले आणि तो चिडून म्हणाला, “आमच्या गावात कर्ज किती वाटायचं ते हे फिलाडेल्फियावाले कोण ठरवणार?” या वाक्यावर मी खेळ थांबवला, कारण सनदी बँकेचे मुख्य काम आणि तिच्याविरुद्धच्या रागाचे मुख्य कारण, दोन्ही त्यात आले होते. फिलाडेल्फियात मुख्यालय आणि देशभर शाखा असलेली ही बँक राज्यांच्या बँकांच्या नोटा साठवून न ठेवता त्या रोकडीसाठी परत नेत असे, आणि त्यामुळे त्या बँकांना हात आखडता ठेवावा लागत असे. निकोलस बिडल हा १८२३पासून तिचा अध्यक्ष होता आणि हे काम तो हुशारीने करत होता.

इथे एक गोष्ट मात्र आवर्जून वेगळी काढावी, नाहीतर पुढचे सगळे गढूळ होते. बार्शीच्या मुलाचा राग हा कर्जे वाटू न दिल्याचा राग होता. जॅक्सनचा स्वतःचा राग निराळा होता. त्याला कागदी नोटच नको होती. १७९५ साली त्याने डेव्हिड अ‍ॅलिसन नावाच्या व्यापाऱ्याला जमीन विकून त्याच्या वचनचिठ्ठ्या घेतल्या, त्याच चिठ्ठ्यांवर सही करून दुकानासाठी माल उचलला, आणि अ‍ॅलिसन बुडाल्यावर त्या कागदांचे देणे जॅक्सनच्या गळ्यात पडले. ते फेडायला त्याला वर्षे लागली. एकाच बँकेविरुद्ध असे दोन परस्परविरोधी पक्ष एकत्र आले होते: एकाला नोटा जास्त हव्या होत्या आणि दुसऱ्याला नोटाच नको होत्या. बँक पडेपर्यंत ही युती टिकली, हे सांगून या बैठकीचा समारोप करावा आणि चिठ्ठ्या-चिंचोके डब्यात जपून ठेवावेत. ते पुन्हा लागतात.

मागचा इतिहास एका कागदावर

१७९१ ते १८३२ या काळाला एका पानापेक्षा जास्त जागा देऊ नये. पहिली सनदी बँक १७९१मध्ये वॉशिंग्टनच्या सहीने वीस वर्षांसाठी निघाली. १८११मध्ये तिची मुदतवाढ सिनेटमध्ये समसमान मतांवर अडली आणि उपाध्यक्ष जॉर्ज क्लिंटनच्या निर्णायक मताने पडली. जेम्स मॅडिसनने १७९१मध्ये बँकेला विरोध केला होता. राष्ट्राध्यक्ष म्हणून १८१५मध्ये त्याने एक बँक-विधेयक नाकारले, पण घटनेचा मुद्दा बाजूला ठेवून, आणि १८१६मध्ये युद्धाच्या कर्जाने व चलनाच्या गोंधळाने जेरीस येऊन दुसऱ्या बँकेच्या सनदेवर स्वतःच सही केली. १८१९मध्ये मॅककुलक विरुद्ध मेरीलँड या खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शलने बँक घटनात्मक ठरवली आणि राज्यांना तिच्यावर कर लावण्यास मनाई केली. त्याच वर्षी मोठी मंदी आली, बँकेने कर्जवसुली कडक केली आणि पश्चिमेकडच्या राज्यांत तिचे नाव कायमचे बदनाम झाले. मॅडिसनच्या घूमजावावर स्पर्धा परीक्षेची मुले फार वेळ घेतात; त्यांना सौम्यपणे आवरावे.

संदेश पहिल्या ओळीपासून वाचू नये

संदेश सुमारे आठ हजार शब्दांचा आहे आणि त्याचा मसुदा एका हातचा नाही. केंटकीचा माजी संपादक एमस केंडल, तेव्हाचा महान्यायवादी रॉजर टॅनी आणि जॅक्सनच्या जवळचे आणखी काहीजण त्यावर राबले. म्हणूनच त्यात कधी वकील बोलतो, कधी वर्तमानपत्री अग्रलेख. गटातल्या वाचकाने हे सांधे ओळखायला शिकणे हीच खरी कसरत आहे, आणि त्यासाठी वाचनाचा क्रम बदलावा लागतो.

सुरुवात शेवटच्या दोन-तीन परिच्छेदांनी करावी. तिथे म्हटले आहे की बुद्धी, कष्ट आणि काटकसर यांमुळे माणसामाणसांत फरक राहणारच आणि कोणतेही सरकार तो पुसू शकत नाही. पण कायदाच जेव्हा श्रीमंताला आणखी श्रीमंत करण्यासाठी खास हक्क आणि देणग्या वाटू लागतो, तेव्हा शेतकरी, कारागीर आणि मजूर यांना सरकारविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क आहे. पाऊस जसा उंच-सखल सगळीकडे सारखा पडतो तसे सरकारचे संरक्षण सर्वांवर सारखे पडावे, अशी उपमाही तिथे आहे. सोलापूरसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यात ही उपमा वाचताना यंत्रमागवाले हसले: आमच्याकडे तर पाऊस सारखा पडतच नाही, उसाच्या पट्ट्यात पडतो तसा कोरड्या माळावर कुठे पडतो! चर्चा तिथेच पेटली, आणि ती पेटू द्यावी.

त्यानंतर आकड्यांचा भाग घ्यावा. हा भाग बहुतेक लेखक वगळतात आणि माझ्या मते संदेशातला सर्वांत भक्कम भाग हाच आहे. नव्या सनदेच्या पंधरा वर्षांसाठी बँक सरकारला वर्षाला दोन लाख, म्हणजे एकूण तीस लाख डॉलर देणार होती. संदेशाचा हिशोब असा की या मक्तेदारीची खरी किंमत त्याच्या कितीतरी पट आहे, आणि वरचा फरक हा विद्यमान भागधारकांना दिलेला नजराणा आहे. पुढे तो सांगतो की पश्चिम व नैर्ऋत्येकडच्या नऊ राज्यांतील लोकांकडे बँकेचे जेमतेम १,४०,२०० डॉलरचे भाग आहेत, पण १८३१च्या सुमारे ३४ लाख ५५ हजार डॉलर नफ्यातले १६ लाख ४० हजार डॉलर त्याच राज्यांतून आले. फळ्यावर हे तीन आकडे एकाखाली एक लिहावेत आणि गप्प बसावे. आमच्याकडे दिवाणजी आजोबांनीच उत्तर दिले: “माल आमचा, आडत त्यांची.” आडत्याला शिव्या घालणे सोपे असते, पण आडत नसेल तर कांद्याची गाडी उभी कुठे करायची, हा प्रश्नही त्यांनीच पुढच्या वाक्यात विचारला.

परदेशी भागधारकांचा मुद्दा सावधपणे हाताळावा. ऐंशी लाखांहून अधिक डॉलरचे भाग परकीयांकडे होते हे खरे, पण सनदेनुसार त्यांना संचालक निवडण्याचा मताधिकार नव्हता, आणि संदेश स्वतःच ते कबूल करून मग भीती वेगळ्या वाटेने उभी करतो. इथे कुणीही ईस्ट इंडिया कंपनीचे नाव काढल्यावाचून राहत नाही. ती तुलना मी आता थांबवत नाही, फक्त एवढेच विचारतो की भागधारक परका असणे आणि कारभार परक्याच्या हाती असणे यात फरक करायचा की नाही.

घटनेचा भाग शेवटी घ्यावा. त्यात एक धक्का आहे. सर्वोच्च न्यायालयाने बँक घटनात्मक ठरवून तेरा वर्षे झाली होती, तरीही संदेश म्हणतो की घटनेचे रक्षण करण्याची शपथ प्रत्येक पदाधिकारी स्वतःला ती जशी समजते तशी पाळतो. न्यायालयाचे मत संसद व राष्ट्राध्यक्ष यांच्यावर बंधनकारक नाही, त्याचा प्रभाव त्यातल्या युक्तिवादाच्या ताकदीपुरताच. पूर्वदाखल्यांबद्दल तो हिशोब मांडतो: १७९१ बाजूने, १८११ विरुद्ध, १८१५ विरुद्ध, १८१६ बाजूने, म्हणजे दोनास दोन. आपल्याकडच्या वाचकाला हे ऐकून दचकायला होते आणि दचकावेच. एक शिक्षिका म्हणाल्या, “असं प्रत्येकाने म्हटलं तर कोर्ट कशाला?” मला त्यांचे म्हणणे पटते, तरी राष्ट्राध्यक्ष एखादा कायदा मोडत नसून विधेयकावर सही करायला नकार देत आहे, एवढा भेद नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वाचताना कोण सापडत नाही तेही शोधायला सांगावे. शेतकरी, कारागीर आणि मजूर या तीन शब्दांत टेनेसीतल्या जॅक्सनच्या मळ्यावर राबणारी गुलाम माणसे येत नाहीत, आणि १८३०च्या कायद्याने ज्यांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावण्याचे त्याच्या सरकारने ठरवले ते आदिवासीही येत नाहीत. मसुद्यावर राबलेला टॅनी पुढे सरन्यायाधीश झाला आणि १८५७मध्ये कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारा ड्रेड स्कॉट खटल्याचा कुप्रसिद्ध निकाल त्यानेच दिला. हे सांगितल्याने संदेशातले आकडे खोटे ठरत नाहीत, पण आमच्या दुसऱ्या प्रयत्नात भांडण झाले ते इथेच: दोघांना हा विषय काढणेच अप्रस्तुत वाटले आणि दोघांना याखेरीज दुसरे काही बोलायचे नव्हते. तिसऱ्या वेळी मी यासाठी अर्धा तास आधीच राखून ठेवला, आणि भांडण झाले नाही.

बिडलची बाजू कुणीतरी मनापासून मांडावी

बँकेचा वकील म्हणून गटातल्या सर्वांत तयारीच्या माणसाची नेमणूक करावी, नाहीतर ती बाजू हास्यास्पद होते. त्याला सांगण्यासारखे पुष्कळ आहे: चलन स्थिर होते, दूरच्या शहरांत पैसे पाठवण्याचा खर्च घटला होता, बेफाम कर्जवाटपाला लगाम होता. त्याच्या अशिलाच्या चुकाही त्याला ठाऊक हव्यात. सनद १८३६पर्यंत होती. चार वर्षे आधी, निवडणुकीच्या वर्षी, ती नव्याने मागण्याचा सल्ला त्या निवडणुकीतला जॅक्सनचा प्रतिस्पर्धी हेन्री क्ले याने दिला आणि बिडलने तो मानला. विधेयक सिनेटमध्ये २८ विरुद्ध २० आणि प्रतिनिधिगृहात १०७ विरुद्ध ८५ मतांनी संमत झाले, पण नकारानंतर सिनेटमध्ये बाजूने २२ आणि विरुद्ध १९ मतेच पडली, म्हणजे दोन-तृतीयांश जमली नाहीत. बिडलला वाटले की असा भडक संदेश वाचून लोक जॅक्सनवर उलटतील, म्हणून बँकेनेच तो छापून वाटला. लोकांनी वाचला आणि जॅक्सनला २१९ निर्वाचक मते दिली; क्लेला ४९ मिळाली. सिनेटर डॅनिएल वेबस्टर बँकेच्या बाजूने गर्जत होता, आणि १८३३च्या डिसेंबरात त्यानेच बिडलला पत्र लिहून बँकेकडून मिळणारे आपले मानधन नेहमीप्रमाणे नवे झाले नसल्याची आठवण करून दिली. हे पत्र विरोधी पक्षाच्या हाती शेवटपर्यंत देऊ नये. वकिलाचे भाषण संपल्यावरच ते वाचायला द्यावे. आमच्याकडे त्यावर सभागृहात जी शांतता पसरली ती पाहण्यासारखी होती.

चौथा रविवार: ठेव कुठे गेली?

बहुतेक मंडळी १८३२च्या निवडणुकीवर पुस्तक मिटतात. मला मात्र वाटते की जॅक्सनच्या बँकविरोधाची पारख १८३३च्या सप्टेंबरात होते. निवडून आल्यावर त्याने सरकारी ठेवी बँकेतून काढण्याचे ठरवले. तो अधिकार कायद्याने अर्थमंत्र्याचा होता. अर्थमंत्री विल्यम ड्युएन याने नकार दिला, म्हणून जॅक्सनने त्याला काढले आणि टॅनीला त्या जागी बसवले. १ ऑक्टोबरपासून नवा महसूल निवडक राज्य बँकांत, सुरुवातीला सात बँकांत, जाऊ लागला आणि जुनी शिल्लक खर्चाला काढली जाऊ लागली. विरोधक या बँकांना ‘लाडक्या बँका’ म्हणत. सिनेटने २८ मार्च १८३४ रोजी २६ विरुद्ध २० मतांनी राष्ट्राध्यक्षाच्या निषेधाचा ठराव केला. जानेवारी १८३७मध्ये तो कामकाजाच्या वहीतून खोडला गेला. बिडलने दरम्यान कर्जे आवळून बाजाराला चिमटा काढला आणि जॅक्सन जे म्हणत होता तेच सिद्ध करून दाखवले: की एका खाजगी माणसाच्या हाती एवढी ताकद आहे.

इथे डबा पुन्हा उघडावा. सरकार झालेल्या माणसाने सनदी बँकेकडची पुंजी काढून बार्शी आणि पंढरपूरच्या बँकांत ठेवावी. चिठ्ठ्या घेऊन चिंचोके मागायला येणारे आता कोणी नाही, वर सरकारी ठेव हाती आली. बार्शीच्या बँकेने काय करावे? आमच्या मुलाने न सांगता आणखी चाळीस चिठ्ठ्या कापल्या. खऱ्या इतिहासातही जमीनखरेदीची लाट आली, आणि जुलै १८३६मध्ये जॅक्सनने सरकारी जमिनीचे पैसे सोन्या-चांदीतच घेण्याचा आदेश काढला. मे १८३७मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी रोकड देणे थांबवले. तोवर जॅक्सन पायउतार होऊन दोन महिने झाले होते आणि खापर त्याच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या व्हॅन ब्युरेनच्या डोक्यावर फुटले.

या ठिकाणी गटाला एक ताकीद द्यावी. ‘बँक मारली म्हणून मंदी आली’ असे सरळ समीकरण मांडू नये. मेक्सिकोतून आलेली चांदी, बँक ऑफ इंग्लंडने वाढवलेले व्याजदर आणि कापसाचा घसरलेला भाव यांचाही त्यात मोठा हात होता. कापसाचा भाव लिव्हरपूलला पडला की न्यू ऑर्लिन्सला दिवाळे निघते, हे गिरणगावात वाढलेल्या माणसाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर या प्रकरणाकडे पाहण्याची दृष्टी मला बँकेच्या नोकरीपेक्षा एका पतपेढीने दिली. घरातली काही ठेव तिथे होती. जुने संचालक मंडळ मनमानी करते म्हणून सभासदांनी ते पाडले, मीही हिरिरीने मत दिले; आणि नव्या मंडळाने वर्षभरात आपल्याच लोकांना कर्जे वाटून ठेवी अडकवल्या. जुन्यांविरुद्धची आमची प्रत्येक तक्रार खरी होती. ठेव पुढे कोणाच्या हाती जाणार हे मात्र त्या सभेत कोणी विचारले नव्हते, मीसुद्धा नाही. जॅक्सनच्या आठ हजार शब्दांत नव्या व्यवस्थेबद्दल किती ओळी आहेत ते मोजायला मी आता गटाला सांगतो.

शेवटी मतदान घ्यावे, पण दोनदा आणि चिठ्ठीने: एकदा नकाराधिकारावर, एकदा ठेवी हलवण्यावर. एकच मत घेतले तर माणसे पक्ष घेतात; दोन घेतली तर विचार करतात. तिसऱ्या वेळी आम्ही चौदाजण होतो. नकाराच्या बाजूने नऊ, विरुद्ध पाच. ठेवी हलवण्याच्या बाजूने चार, विरुद्ध दहा. दिवाणजी आजोबांनी दोन्हीवेळा विरुद्ध मत दिल्याचे स्वतःच जाहीर केले आणि शेंगाचटणीची पुडी उघडली. चिंचोके मोजून डब्यात भरताना एक कमी निघाला आणि बार्शीच्या बँकेची एक चिठ्ठी सापडेना. ती खुद्द बार्शीच्या मुलाच्याच खिशात होती. पुढच्या रविवारी ती पंढरपूरच्या बँकेत वटवून बघणार, असे तो जिना उतरताना म्हणाला.